कोपरखळी ते काळजाला ढुशी : चिनी युद्धकलांतला कोपराचा मार

उचापती

मंडळी, "मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये" असं आपल्याकडे म्हणतात. चिनी लोकांनी नेमकं तेच खणण्याची मोठी विद्या करून ठेवली आहे. त्याबद्दल हा धागा.

कामानिमित्त पावणेतीन वर्षं तैवानात शिन्चूला होतो. घराजवळच्या बागेत पहाटे पाच-सहा म्हातारे 'बाजीच्युआन' करायचे. (नाही, बाजीप्रभूंशी संबंध नाही. 'बा' म्हणजे आठ, 'जी' म्हणजे टोक किंवा सीमा, आणि 'च्युआन' म्हणजे मूठ, म्हणजेच मुष्टिविद्या.) मीही जाऊन उभा राहिलो. पहिले कित्येक महिने त्यांनी मला नुसतं उभंच केलं. घोड्यावर मांड ठोकल्यासारखं, मांड्या थरथरेपर्यंत. मग एके दिवशी 'डिंग-शिन-चौ' दाखवलं.

'चौ' म्हणजे कोपर. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांत चाऊ एन-लाय असायचे, त्यांच्या आडनावाचा उच्चार तोच, सूर तेवढा वेगळा. 'शिन' म्हणजे काळीज. 'डिंग'साठी मराठीत मला सापडलेला सगळ्यात जवळचा शब्द म्हणजे ढुशी. बैल मान खाली घालून, चारही पाय रोवून देतो ती. तर, काळजाला कोपराची ढुशी.

बाहेरून पाहिलं तर प्रकार साधा आहे. पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधे टाकायचा, त्याच क्षणी खाली बसायचं, आणि दुमडलेल्या हाताचं कोपर छातीच्या मधल्या हाडाकडे आडवं जायचं. मागचा हात तेवढ्याच जोराने उलट दिशेला. मी महिनाभर कोपर जोरात फेकत होतो. शिकवणारे आजोबा (वय सत्तरीच्या पुढे, वजन माझ्या निम्मं असेल) नुसते मान हलवायचे. शेवटी एकदा माझ्या छातीवर जाड पॅड धरायला लावलं, त्यावर आपलं कोपर टेकवलं. म्हणजे मधे अंतर शून्य. आणि पाय टाकला. मी गवतावर बसलेलो होतो. मला कोपर लागलंच नव्हतं, मला म्हातारा लागला होता.

तेव्हापासून माझं मत असं की कोपराचा मार हा कोपराचा नसतोच. अंग पुढे येतं, आणि त्याचं टोक म्हणून कोपर पुढे असतं. जाणकारांनी आपापल्या पद्धतींबद्दल लिहावं.

बोरूबहाद्दर

वाचतोय. आपल्याकडे कोपराची सगळी कामं सौम्य. कोपरखळी मारली तर समोरचा हसतो, कोपराला गूळ लावला तर माणूस आयुष्यभर मान वळवत बसतो, आणि अगदीच नको झालं तर कोपरापासून नमस्कार. यात ढुशी कुठून आली?

अस्थिपंजर

ढुशी हाडातून आली. कोपराचं टोक म्हणजे अल्ना या हाडाचा वरचा, मागे आलेला भाग, ऑलेक्रेनॉन. त्यावर मांस जवळपास नाही, कातडी आणि एक पातळ पिशवी एवढंच. मुठीत सत्तावीस लहानमोठी हाडं आणि वर मनगटाची बिजागरी. रागाच्या भरात भिंतीला किंवा दुसऱ्याच्या जबड्याला गुद्दा घालून करंगळीमागचं हाड मोडून घेतलेले वीर आमच्याकडे नेमाने येतात. कोपराने मारताना मनगट मुरगळण्याचा प्रश्नच उरत नाही. धागाकर्ते म्हणतात ते त्या अर्थाने बरोबर आहे: मुठीपासून धडापर्यंत मनगट, कोपर, खांदा असे तीन सांधे, प्रत्येक सांध्यात थोडा मार मुरतो. कोपरापासून धडापर्यंत एकच.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोपराच्या आतल्या बाजूने अल्नर नर्व्ह जाते, दाराच्या चौकटीवर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ती. आणि टोकावरच जोरात आदळलं तर ऑलेक्रेनॉन मोडतो, दंडामागचा स्नायू तो तुकडा वर खेचून घेतो, मग तारा घालून बांधावं लागतं. भिंतीवर सराव करू नका.

उचापती

@अस्थिपंजर, धन्यवाद. अगदी टोक वापरायचं ते मऊ जागी किंवा छातीच्या हाडाशी, असं आजोबाही सांगायचे. इतर वेळी टोकाच्या दोन-तीन बोटं अलीकडचा किंवा पलीकडचा भाग.

पिंजरा

सगळं वाचायला छान आहे. पण २०१७ मध्ये छंतूला शू श्याओतुंग या एमएमएवाल्याने (म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, गुद्दे-लाथा-कुस्ती सगळं चालणारी लढत) एका ताईची गुरूला काही सेकंदांत लोळवलं, त्याचा व्हिडिओ जगाने पाहिला. कोपर बघायचं तर मुय थाई, म्हणजे थाई बॉक्सिंग बघा. तिथे रिंगमध्ये रक्त निघतं, बागेत पॅडवर नाही. म्हाताऱ्याने पॅडवर ढकललं, तुम्ही बसलात. बरं, मग?

तांबडा रस्सा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उचापती

@पिंजरा, मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. बागेतले म्हातारे रिंगमध्ये जिंकतील असं माझं म्हणणं नाहीच.

पण थाई कोपर आणि बाजीचं कोपर यांची कामं वेगळी आहेत. थाई कोपर बहुतेक वेळा डोक्याकडे जातं, कंबरेतून फिरत, सुरीसारखं. भुवईवरची कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं की डॉक्टर लढत थांबवतात. बाजीचं कोपर धडाकडे जातं आणि कापत नाही, घुसतं. पहिल्यात कमरेचा झोका, दुसऱ्यात पावलाचा रेटा.

दुसरं, चिनी कोपर रिंगमध्ये का दिसत नाही याचं एक कारण अगदी कोरडं आहे. चीनची स्वतःची आधुनिक लढत म्हणजे सांदा. तिच्या नियमांत डोकं, कोपर आणि गुडघ्याने मारायला बंदी आहे. आपल्याकडे वुशूच्या स्पर्धांत जी पोरं सांदा खेळतात, त्यांनाही कोपर नाही. जे स्पर्धेत चालत नाही ते तालमीत कोण घोटणार? दोन पिढ्यांत ते फक्त फॉर्ममध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या संचात उरतं, आणि समोर माणूस नसताना केलेल्या फॉर्मचं काय होतं ते तुम्ही त्या व्हिडिओत पाहिलंच.

पिंजरा

सांदाचा मुद्दा मान्य. बंदीवरून आठवलं, एमएमएमध्येही वरून सरळ खाली मारायच्या कोपराला, घड्याळात बारावरून सहावर यावं तसं म्हणून १२-६, कित्येक वर्षं मनाई होती. एमएमएतल्या जॉन जोन्सच्या नावावर जी एकुलती एक हार आहे ती २००९ साली मॅट हॅमिलविरुद्ध याच कोपरांपायी, अपात्र ठरवून. ती बंदी १ नोव्हेंबर २०२४ पासून उठली. म्हणजे ज्याने तो मार वापरला त्याची हार कागदावर कायम, आणि मार आता कायदेशीर.

माजघर

मी ठाण्यात चार वर्षं ताईची करते, गुडघ्यांसाठी. चोवीस हालचालींचा संच आहे, १९५६ मध्ये चीन सरकारच्या क्रीडा खात्याने सोपा करून बसवलेला. त्यात मला कोपराचा मार कुठे दिसला नाही. आमच्या बाई तर सारख्या "कोपर खाली, कोपर जड" म्हणत असतात. मारायचं म्हटलं तर कोपर वर नको का यायला?

उचापती

@माजघर ताई, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. मोठा प्रतिसाद लिहितो, चहा घेऊन बसा.

ताईचीत आठ मूळ जोर सांगतात: पंग, ल्यू, ची, आन, त्साय, लिए, चौ, काओ. पहिले चार मुख्य दिशांचे, पुढचे चार कोपऱ्यांचे. सातवा आपला कोपर, आठवा खांद्याचा धक्का. म्हणजे कोपर आहे, पण ते शेवटून दुसरं आहे, आणि त्यामागे विचार आहे. हाताचे ते तीन खंड मानतात: मनगटापर्यंतचा शेंडा, कोपर हा मधला खंड, खांदा हे मूळ. समोरच्याने तुमचा शेंडा धरला किंवा दाबला तर ओढाताण करायची नाही. हात तिथेच दुमडू द्यायचा. दुमडला की कोपर आपोआप पुढे येतं, आणि तुम्ही वीतभर आत गेलेले असता. त्याने कोपर अडवलं की तेही सोडून द्यायचं, खांदा पोचतो. लांब असाल तर मूठ, जवळ असाल तर कोपर, अंगाला अंग लागलं की खांदा, अशी चिनीत म्हणच आहे.

म्हणून तुमच्या चोवीस हालचालींत कोपर नावाने नाही. पण हात दुमडतो अशा प्रत्येक जागी ते दबा धरून आहे. "वळून अडवा आणि गुद्दा द्या" ही जी शेवटाकडची हालचाल आहे ना, तिच्यात मूठ उलटी पडण्याआधी पुढचं कोपर कुठून जातं ते सावकाश करून पाहा.

नावाने हवं असेल तर छन घराण्याकडे जावं लागेल. हनान प्रांतातलं छनच्याकोउ हे त्यांचं गाव. त्यांचा दुसरा संच, पाओ-चुई, म्हणजे तोफेचा मारा, कोपरांनी खच्चून भरलेला आहे. एकाचं नाव 'काळीज भेदणारं कोपर'. आणखी दोन-तीन कोपरांच्या नावांत 'ल्वान' नावाचा पुराणातला पक्षी येतो. दोन्ही हात पंखांसारखे दुमडून कोपरं मागे जातात किंवा आत येतात, म्हणून तो पक्षी, असा माझा अंदाज. शांतपणे दिवाणखान्यात करायचं ताईची ज्यांनी पाहिलंय, त्यांनी पाओ-चुई पाहिलं तर वेगळीच कला वाटेल.

आणि कोपर खाली का? वर उचललं की बरगडी उघडी पडते. शिवाय वर आलेलं कोपर म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेलं सुकाणू. त्याने तळहात लावून ते तुमच्या छातीसमोरून पलीकडे ढकललं की तुम्ही गर्रकन फिरता आणि पाठ त्याच्याकडे. मनगट धरलेला माणूस सुटू शकतो, कोपर धरलेला माणूस वळतो. शिंग-ई नावाच्या दुसऱ्या पद्धतीत तर सूत्रच आहे: कोपर बरगडी सोडत नाही, हात काळीज सोडत नाही.

तांबडा रस्सा

आता पॉपकॉर्न ठेवला. हे शेवटचं वाक्य आमच्या वस्तादांचं आहे की हो! कोल्हापुरात तालमीत होतो तेव्हा "कोपर अंगाला! काखेत काय हवा भरायची आहे का?" हे दिवसातून शंभर वेळा. काख उघडी दिसली की समोरचा हात घालून पट काढतो नाहीतर पाठीवर जातो. कुस्तीत कोपर मारता येत नाही, पण घिस्सा आहे. मनगट ते कोपर या हाडाने मानेवर असा रट्टा ओढायचा की डोळ्यापुढे काजवे. नियमात बसतं. कानाचा आकार बदलतो तो असाच.

वैशाख_वणवा

लेस्टरहून. मी सहा वर्षं विंग चुन ही दक्षिण चीनमधली पद्धत करते. आमच्याकडे कोपराला कँटनीत 'जांग' म्हणतात. गंमत अशी की विंग चुनमध्ये कोपराचा मार तिसऱ्या संचात, ब्यू-जीमध्ये येतो. पहिल्या संचात, स्यू-निम-ताओमध्ये, पाय एकाच जागी रोवून हात अत्यंत सावकाश पुढे न्यायचा असतो आणि सगळं लक्ष कोपर अंगाच्या मध्यरेषेवर राहतं का याकडे. म्हणजे आधी कोपर कुठे असावं ते दोन संच शिकवतात, आणि मारायचं कसं ते शेवटी.

'ब्यू-जी दाराबाहेर जात नाही' अशी जुनी म्हण आहे. काही जण म्हणतात गुप्त होतं म्हणून. माझ्या सरांचं मत वेगळं. ते म्हणतात, ब्यू-जी म्हणजे सगळं चुकल्यावरचे उपाय. हात अडकला, मध्यरेषा गेली, माणूस अंगावर आला, आता काय? तर कोपर वरून तिरकं खाली येतं आणि हरवलेली जागा परत घेतं. हे आधी शिकवलं तर शिकणारा चुकायला घाबरतच नाही, सरळ गुद्दा घोटतच नाही. मला हे पटतं. आमच्या वर्गात नवीन आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यात कोपराबद्दल विचारतो.

उचापती

@वैशाख_वणवा, हे उत्तम. बाजीत मात्र उलटं! कोपर पहिल्या धड्यात. 'सहा मोठी उघडणी' म्हणून त्यांचा गाभा आहे, त्यातलं पहिलंच 'डिंग'. त्यांचा हिशोब असा की तुम्ही अंगावर जाणारच आहात, तर दार कोपरानेच उघडा. माणसाच्या स्वभावातला फरक म्हणा. हेबेई प्रांतातल्या त्सांगचौ भागात मंगत्सुन नावाचा हुई मुसलमानांचा तालुका आहे, बाजीचं घर ते. अठराव्या शतकातल्या वू चुंगपासून तिथली परंपरा मोजतात. तिथलेच ली शूवन (१८६४–१९३४), अंगाने किरकोळ, पण 'भाल्याचा देव' म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या शिष्यांपैकी ह्वो द्यनग हे शेवटचा सम्राट पूयी याचे अंगरक्षक झाले, आणि धाकटे शिष्य ल्यू युनच्याओ तैवानात आले. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांना त्यांनी शिकवलं, १९७१ मध्ये तैपेईत 'वूतान' ही युद्धकलेची संस्था सुरू केली. माझे आजोबा त्याच फांदीवरचं एक पान.

भाल्याचा उल्लेख मुद्दाम केला. लांबलचक, जड भाला दोन्ही हातांनी धरून भोसकताना अंग जसं आडवं होतं, मागचा हात कमरेशी आणि पुढचं अंग पुढे, त्यात भाला काढून टाका. जवळपास डिंग-शिन-चौ उरतं. ही आजोबांची उपपत्ती, पण भाला हातात घेतल्यावर मला ती दंडात जाणवली.

सत्यशोधक_१०८

हे सगळं भारतातूनच गेलं. बोधिधर्माने शाओलिनला शिकवलं. आपल्याला आपल्याच गोष्टींची किंमत नाही.

बोरूबहाद्दर

बोधिधर्म भारतातून गेले असं परंपरा सांगते. पण त्यांनी युद्धकला शिकवली ही जोड 'यीजिन-जिंग' नावाच्या ग्रंथातून पसरली, आणि तो ग्रंथ १६२४ चा. म्हणजे मधे हजारेक वर्षं कोणाला आठवलं नाही. या विषयाचा वेगळा धागा काढा, इथे काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, नको.

चिंगी

एवढं सगळं वाचून हसू येतंय. कॉलेजला जाताना खच्चून भरलेल्या बसमध्ये आम्ही मुली हे कोणत्याही चिनी गुरूशिवाय शिकलो. हात वर दांडीला, मागचा माणूस नको तितका जवळ. मागे वळायला जागा नाही, हात फिरवायला जागा नाही. एक पाय किंचित मागे, कोपर बरगडीला घासून मागे. "ओह सॉरी काका, ब्रेक लागला." सेफ्टी पिन दुसऱ्या हातात.

उचापती

@चिंगी, दंडवत. एक पाय मागे, कोपर बरगडीला घासून! हे मला शिकायला आठ महिने लागले.

अस्थिपंजर

@चिंगी, बरगड्यांच्या पिंजऱ्याखालच्या दोन जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, तरंगत्या म्हणतात. तिथे लागलेलं कोपर ते काका पंधरा दिवस प्रत्येक शिंकेला आठवत असतील.

@उचापती, एक विचारायचं राहिलं. बाजीत जमिनीवर पाय आपटतात असं पाहिलंय. तुमचे गुडघे कसे आहेत?

उचापती

विचारू नका. त्याला 'जन-ज्याओ' म्हणतात, पायाचा दणका. पुण्यात परत आल्यावर सोसायटीच्या गच्चीवर, सिमेंटवर, पहाटे साडेपाचला मी दीड महिना दणके घातले. आधी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, मग गुडघ्याला सूज आली. दोन्हीही न्याय्य. आजोबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, तू आपटतोयस, तुला पडायला सांगितलं होतं. दणका म्हणजे अंग खाली सोडल्याचा आवाज, पाय उचलून मारलेली लाथ नव्हे. मातीवर शिकलेल्याला हा फरक कळायला वेळ लागतो, सिमेंट लगेच सांगतं. आता आवाजाशिवाय करतो. काकू बोलू लागल्या आहेत.

माजघर

मी काल ते "वळून अडवा"मध्ये सावकाश करून पाहिलं. ह्यांना उशी धरायला लावली. माझं मनगट धरा म्हटलं, धरलं. मी दुमडू दिलं. चार वर्षं मी ही हालचाल फक्त हात फिरवायची म्हणून करत होते. ह्यांनी उशी खाली ठेवली आणि म्हणाले, आता भाजीला मी जातो.

पिंजरा

@माजघर, +१. बरं, @उचापती, एक खरा प्रश्न. पाय आत टाकायचा म्हणता. माझ्याशी स्पारिंग (सरावाची लढत) करणारा माणूस मला जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट गुद्द्याने, लांब ठेवतो. आत जाईपर्यंत माझं नाक फुटतं. त्याचं काय?

उचापती

तेच तर अवघड आहे, आणि बागेत त्याचा सराव सगळ्यात कमी होतो, हे कबूल. तत्त्वतः उत्तर मागच्या हातात आहे. फॉर्ममध्ये तो हात नुसता मागे खेचलेला दिसतो. माणसासमोर तो रिकामा नसतो. त्याने समोरच्याचा आलेला हात अडवून, मिळालं तर धरून ओढलेला असतो. तो पुढे येतो, तुम्ही पुढे जाता. जॅब परत जाताना त्याच्या मागोमाग आत शिरायचं, असा एक मार्ग. ग्लोव्ह घातला की धरणं संपलं, म्हणून तुमच्या खेळात ते अर्धंच उरतं. क्लिंचमध्ये (एकमेकांना धरून उभं असताना), भिंतीपाशी करून पाहा, तिथे अंतर आधीच मिटलेलं असतं.

तांबडा रस्सा

आज पुतण्यावर प्रयोग केला. वय एकोणीस, तालमीत रोज जातो. अंगणात मातीवर. पाय मधे टाकला, बसलो, कोपर दिलं आडवं. पोराने काही केलं नाही, नुसता तळहात माझ्या कोपराला लावला आणि बाजूला सारलं. मी फिरलो. पाठ मिळाल्यावर कुस्तीगीर काय करतो ते सांगायला नको. मानेत लचक आहे, बसून टाइप करतोय.

उचापती

मागचा हात कुठे होता?

तांबडा रस्सा

कमरेवर.